मागच्या बाकावरचा भोंगा

आयुष्यभर ओरडून पोट भरलेल्या माणसाला उतारवयात गप्प बसण्याचे पैसे मिळू लागले, तर त्याने काय करावं? भोंगाकाकांनी आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग काम पत्करलं.

भोंगा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घाऊक भाजीबाजारात ते लिलाव पुकारत. पहाटे त्यांनी ‘बटाटा, एक नंबर!’ असा आवाज दिला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री दचकून उठत, म्हणून हमालांनी हे नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं. काका ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणत आणि खाडकन टाळी देत. मग सौदा पक्का. त्यानंतर खुद्द राजा आला असता तरी भाव बदलला नसता. पुढे बाजारात भाव दिव्यांच्या पाटीवर झळकायला लागले आणि भोंग्याची गरज संपली. बायको त्याआधीच गेली होती, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. घरात बोलायला भिंती तेवढ्या उरल्या, पण भिंतींशी बोललं तरी शेजारी तक्रार घेऊन येत.

अशात एका जुन्या हमालाच्या ओळखीने ते स्टुडिओत पोहोचले. तिथे एका इस्पितळाची मालिका चाले. खाटा खऱ्या, भिंती प्लायवूडच्या, आणि बेसिनच्या नळाला पाण्याचा पत्ता नाही. काकांनी वेटिंग रूमच्या बाकावर पेशंटचे नातेवाईक म्हणून बसायचं. पुढे डॉक्टर मंडळी संवाद म्हणत असताना मागे आपण बोलल्यासारखं करायचं. ओठ हलले पाहिजेत, आवाज मात्र अजिबात नको. पहिल्या दिवशी काका नुसते कुजबुजले, तर साऊंडवाल्याने कानावरचं यंत्र काढून टेबलावर आपटलं.

त्याच दिवशी त्यांच्या शेजारी एक बाई आणून बसवल्या. “तुम्ही नवरा-बायको,” एवढं म्हणून सहायक दिग्दर्शक पुढे निघून गेला. इतक्या झटपट लागलेलं लग्न काकांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

या बाई, म्हणजे सेटवरच्या काकू, कापडगिरणीत मागावर काम करून निवृत्त झालेल्या. धाकट्या भावंडांना वाढवता वाढवता स्वतःचं लग्न राहून गेलं. आता भाऊ-भावजयीकडे राहत. मागांच्या खडखडाटाने कान जरा मंद झालेले. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं, पण हसल्या की डाव्या गालाला अशी खळी पडे की काकांना आपल्या ओळी विसरायला व्हायचं. काकांना मुळात ओळी नव्हत्याच, ही गोष्ट वेगळी.

चहाच्या सुट्टीत काका सगळ्यांची चौकशी करत. माल कुठून आला हे विचारल्याशिवाय बोली लावायची नाही, ही बाजारातली खोड. “आधी काय करत होता?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्यातून त्यांना कळलं की ज्या मोठ्या डॉक्टरांच्या पायावर घरोघरच्या आज्या मनोमन डोकं ठेवत, ते पूर्वी सायकलवरून पाण्याचे पंप विकत आणि बोटाला सुई टोचली तरी घेरी येऊन खाली बसत. मुख्य नर्स शाळेत कवायत शिकवायची, त्यामुळे ती ‘बाजूला व्हा!’ म्हणाली की कॅमेरावालाही बाजूला व्हायचा. आणि भूलतज्ज्ञ? तो पूर्वी रात्रपाळीचा रखवालदार. ऑपरेशनच्या सीनमध्ये पेशंटच्या आधी त्याचाच डोळा लागे.

“आणि तुम्ही?” त्यांनी काकूंना विचारलं होतं.

“माग,” काकू म्हणाल्या आणि चहा पिऊ लागल्या. एवढ्यावर मुलाखत संपली.

तर बाकावर बसून काका काय बोलत? सुरुवातीला बटाट्याचे भाव, तेही ‘एक वार, दोन वार, तीन वार’ सकट. मग कांद्याचे, मग टोमॅटोचे. काकू गंभीरपणे मान हलवत. पण भाजीबाजार तरी किती दिवस पुरणार? हळूहळू काका खरंच बोलायला लागले. आज पुन्हा भाजी करपली. बायकोची आठवण संध्याकाळी जास्त येते. तुमची भावजय तुम्हाला टोचून बोलते ना, तिला एकदा माझ्यासमोर आणाच. हा हिरवा रंग तुम्हाला फार शोभतो. आवाज नव्हता, त्यामुळे भीती नव्हती. ज्या माणसाला आयुष्यात एक गुपित कधी गुपचूप सांगता आलं नाही, त्याला मन मोकळं करायला जागा सापडली होती. काका सुखात होते, आणि कधीतरी त्या सुखात ते काकूंच्या प्रेमात पडले.

मुलीला फोनवर हे लगेच ओळखू आलं. “बाबा, विचारून टाका ना एकदाचं.”

“अगं, मी विचारलं की अख्ख्या स्टुडिओला ऐकू जाईल. आणि त्या नाही म्हणाल्या तर?”

“मग तेही ऐकू जाईल. पण तुम्हाला कळेल तरी!”

काकांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. बसस्टॉपवर त्यांनी हळूच “मला तुमच्याशी जरा...” म्हणताच रांगेतली सगळी माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. काकांनी वाक्य गिळलं आणि हवापाण्यावर आले.

आणि मग मालिका संपायची वेळ आली. शेवटच्या दिवशी मोठे डॉक्टर आपल्या गुरूच्या मृत्यूची बातमी वेटिंग रूममध्ये येऊन सांगणार होते. हा सीन झाला की बाक उचलणार, भिंती उचलणार आणि काकू आपल्या भावाच्या घरी जाणार. पुन्हा भेटायला निमित्त उरणार नव्हतं.

“ॲक्शन!”

मोठे डॉक्टर जड पावलांनी आले. मागच्या बाकावर काका काकूंकडे वळले आणि ओठांनी म्हणाले, उरलेलं आयुष्य माझ्याबरोबर काढाल का? विचारलं खरं, पण विचारूनही काही झालं नाही, कारण हे हवेला विचारल्यासारखंच. काकांचे डोळे भरून आले.

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांचे ओठ हलले. नेहमीसारखे उगाच नव्हे. त्या काहीतरी सांगत होत्या.

“काय म्हणालात?”

तो आवाज बाजारातला होता. मोठे डॉक्टर रडता रडता उडाले. प्लायवूडची भिंत थरथरली.

“कट! कोण आहे ते?”

सगळा सेट बघत होता. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्यात काकू त्यांच्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, “मागावर आवाजात काही ऐकू यायचं नाही. आम्ही बायका ओठांवरूनच एकमेकींचं बोलणं ओळखायचो. तुमचं सगळं कळतं मला.”

“सगळं? कधीपासून?”

“बटाट्यापासून.”

काकांना करपलेली भाजी आठवली. भावजय आठवली. हिरवा रंग आठवला. त्यांचे कान लाल झाले. “मग मला थांबवलं का नाहीत?”

“थांबला असतात तर?” काकू म्हणाल्या. “घरी माझ्याशी इतकं कोण बोलतं?”

“आणि मघाशी तुम्ही काय...”

“जागेवर! रीटेक!” सहायक दिग्दर्शक धावत आला. “काका-काकू, मघाशी केलंत अगदी तेच करायचं हं. फक्त तो बॉम्ब नको.”

“ॲक्शन!”

काकांनी पुन्हा विचारलं. या वेळी हवेला नाही, काकूंना. काकांना ओठ वाचता येत नव्हते, आणि हे काकूंनाही आता कळलं होतं. पहिलीच्या मुलाला शिकवावं तसे त्यांनी ओठ सावकाश हलवले.

एक वार.

हे शब्द काकांना कळले. जन्मभर त्यांच्याच ओठांतून गेले होते ते.

दोन वार.

तीन वार. आणि काकूंनी आपला तळहात काकांच्या तळहातावर टेकवला. सौदा पक्का.

पुढे डॉक्टर गुरू गेल्याचं सांगत होते आणि मागे काकांना आनंदाने आरोळी ठोकावीशी वाटत होती. त्यांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं. ओठ घट्ट दाबले. खांदे गदागदा हलायला लागले, बोटांतून पाणी ओघळलं.

“कट! ओके!” दिग्दर्शक खुर्चीतून उठला. “मागचे काका! काय रडलात हो! जीव ओतलात!”

सेटवर टाळ्या पडल्या. मोठे डॉक्टर स्वतः चालत आले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला. “काका, तुम्ही सगळ्यांना विचारता, आज मी विचारतो. आधी काय करत होता?”

“लिलाव पुकारायचो!” काकांनी इतक्या दिवसांचा सगळा आवाज एकदम सोडला. “आणि आज माझाच झाला!”

पलीकडच्या वॉर्डच्या सेटवर खाटेत झोपलेला भूलतज्ज्ञ खडबडून जागा झाला. काकूंच्या गालाला खळी पडली होती. त्यांनी काकांची बाही ओढली.

“अहो, हळू,” त्या म्हणाल्या. “मी इथेच आहे.”