वर्गात सगळ्यांना दिसलेली दिशा

घोट्यापर्यंत चिखलात रुतलेले माझे दोन पाय, आणि त्यांच्याभोवती लावणीच्या गढूळ पाण्यावरून सुळसुळ सरकणारे लांब पायांचे किडे, पाणनिवळ्या… कडावजवळच्या आमच्या शेतातलं ते दृश्य आजही मनात आलं, की ओल्या मातीचा, शेणखताचा आणि हातातल्या रोपांच्या मुठीचा कोवळा हिरवा वास सोबत घेऊन येतं. खरं तर तेव्हा मी नववीच्या वर्गात असायला हवं होतं. पण लावणीला माणूस कमी पडतंय, हे कारण पुढे करून मी कित्येक दिवस शाळेत गेले नव्हते — आणि खरं कारण घरी कुणाला ठाऊक नव्हतं.

गणिताच्या सरांनी एकदा, धडा संपल्यावर उरलेल्या वेळात, फळ्यावर बिंदू काढला. बिंदूची रेघ केली, रेघेचा चौकोन, चौकोनाचा खोका. मग म्हणाले, "आता या तिन्ही दिशांशी काटकोन करणारी आणखी एक दिशा डोळ्यांसमोर आणा. आली?"

"हो सर!" सगळा वर्ग ओरडला. मीही ओरडले. पण माझ्या मिटलेल्या डोळ्यांत अंधाराखेरीज काहीच नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी सातवीपलीकडे कुणी गेलं नव्हतं. त्यामुळे मला वाटलं, शिकलेल्यांच्या मुलांना ही दिशा आपसूक दिसत असणार, आणि आपल्यातच ती दृष्टी मुळात नाही. दहावीत हे उघडं पडण्यापेक्षा आत्ताच शाळा सोडावी, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

एका दुपारी, रस्त्याकडेला स्कूटर लावून, चपला हातात घेऊन, सर बांधावरून तोल सावरत येताना दिसले. माझ्याशेजारी वाकून लावणी करणारी आई घाईने सरळ झाली.

"नापास झाली का ओ सर?"

"परीक्षाच कुठं झालीय अजून, ताई?" सर हसले. "काय गं सुलभा, शाळेवर रुसलीस का?"

मला रडूच फुटलं. "सर, मला ती दिशा दिसतच नाही."

सरांनी हातातल्या चपला बांधावर ठेवल्या. मग म्हणाले, "अगं, मला तरी कुठं दिसते?"

त्यांनी पाणनिवळीकडे बोट दाखवलं. "समज, हिला फक्त पाण्याचा पृष्ठभागच ठाऊक आहे. वर नाही, खाली नाही. मग तुझा पाय तिला कसा दिसेल? पाण्याला टेकलेली नुसती कड. पाय खोल रोवलास की कड रुंदावेल, उपसून घेतलास की आक्रसून नाहीशी होईल. दोन पाय म्हणजे तिच्या लेखी दोन निरनिराळे प्राणी. वर ते एकाच मुलीचे आहेत, हे तिला कधी दिसणार नाही. पण दोघे सतत जोडीनं हलतात, यावरून ती ताडू शकेल. आपलंही तसंच. दिसायचं नाही, ताडायचं. गणित त्यासाठीच असतं."

"मग वर्गातली पोरं हो म्हणाली ती?"

"खोटं बोलले लेकाचे! तूसुद्धा."

शेजारच्या खाचरात बाबा रोपं खोवत होते. हातातली मूठ तशीच धरून ते म्हणाले, "म्हंजी कुणालाच दिसत नाय? मग त्यात तू मागं कशी पडशील गं? जा उद्यापासून."

त्या संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण मी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. आई बघतच राहिली.

पुढे मी गणितातच पदवी घेतली. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण निकालाच्या दिवशी ते मुद्दाम कर्जतला आले होते, धुतलेला सदरा घालून. स्टेशनबाहेरच्या बाकावर वडापाव खाता खाता म्हणाले, "काय काय शिकलीस, सांग."

मी सांगत गेले… आमच्यासमोरून माणसं येत होती, जात होती, हातातला वडा गार झाला, आणि मध्येच भान येऊन मी विचारलं, "समजतंय ना, बाबा?"

"नाय," ते अगदी निवांतपणे म्हणाले. "तू सांग पुढं."