पत्र्यावरचा पाऊस आणि गार्डाच्या दोन झेंड्या

माझ्या जाण्याला घरात सगळ्यात मोठा विरोध झाला तो पावसाच्या नावाने, आणि तो केला माझ्या दिरांनी.

"वहिनी, युगांडात म्हणे वर्षाला दोन पावसाळे असतात. या वयात दोन-दोन झेपणार का?"

नाशिकच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारा, काचेवर चार थेंब पडले की खिडकी लावून घेणारा हा माणूस मला पावसाची भीती घालत होता! मी जन्माने इगतपुरीची. आमच्याकडे जूनमध्ये धुतलेलं लुगडं शेगडीवर पालथ्या टोपलीवर वाळत घातलं, तर गणपतीत ते दमट असतं आणि दिवाळीला नेसण्याजोगं होतं. मी पाचवीत असताना वर्गात मासे यायचे आणि गुरुजी त्यांचीही हजेरी घ्यायचे. यातलं शेगडीचं सगळं खरं आहे. माशांचंही बऱ्यापैकी.

तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून मी निवृत्त झाले आणि एका संस्थेची स्वयंसेविका म्हणून, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून, वर्षभरासाठी युगांडाला गेले. बॅगेत नागलीचे पापड, ठेच्याची बरणी आणि वडिलांच्या दोन झेंड्या, एक हिरवी आणि एक तांबडी. वडील मालगाडीवर गार्ड होते. झेंड्या मी आठवण म्हणून वगैरे नेल्या नव्हत्या. बरणी फुटू नये म्हणून तिला गुंडाळल्या होत्या.

लाल माती, केळीच्या बागा आणि टेकडीवर पत्र्याची शाळा. मला सातवीचं गणित दिलं होतं. वर्गात मुलं साठ, नाशिकला सांगताना मी सहाशे सांगते. सगळी मला 'जाजा' म्हणायची, म्हणजे आजी. हेडमास्तरही जाजाच म्हणायचे, आणि ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे होते.

नोव्हेंबरात मुलांची मोठी परीक्षा होती आणि सप्टेंबरात पाऊस लागला. रोज दुपारी, बरोब्बर माझ्या तासाला. तिथला पाऊस पत्र्यावर पडतो म्हणजे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला जाणारी कोळशाची अख्खी मालगाडी कुणी डोक्यावर रिकामी करावी तसा. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त ओठ हललेले कळतात. खिडक्यांना दारं नाहीत, त्यामुळे फळा ओला आणि खडू उमटत नाही. म्हणून पाऊस आला की हेडमास्तर झाडाला टांगलेल्या ट्रकच्या चाकाच्या रिंगवर लोखंडी सळई हाणत आणि शाळा सुटे. अशी महिनाभर शाळा सुटली तर सातवी परीक्षेला काय लिहिणार होती?

त्यातच राजधानीतून संस्थेच्या समन्वयकाचा फोन आला. तिशीचा, पुण्याचा, बोलायला गोड.

"काकू, पावसात वर्ग होतच नाहीत असं शाळेनं कळवलंय. मग तिथं अडकून काय करणार? रस्तेही बंद होतील. शुक्रवारी मी जीप घेऊन येतो, शनिवारी तुमचं परतीचं विमान."

"आणि माझी सातवी?"

"ते बघतील त्यांचं."

"शुक्रवारी भर पावसात वर्ग चालू दिसला तर?"

तो हसला. "दिसला तर राहा की परीक्षेपर्यंत!"

पुण्याच्या माणसाचा शब्द होता. मी तो तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतला.

हेडमास्तर म्हणाले, "जाजा, पावसापुढे बोलणार कशा?"

"बोलणारच नाही. तुम्ही फक्त सळई जरा थांबवा."

सोमवारी, पाऊस यायच्या आधी, मी मुलांना वडिलांची गोष्ट सांगितली. गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा असलेला गार्ड, समोर अख्खा घाट, इंजिनाच्या आवाजात माणसाचा आवाज पोचत नाही. मग तो झेंडी दाखवतो. तांबडी म्हणजे थांब, हिरवी म्हणजे निघ. मुलांना फार आवडली. गाडी त्यातल्या एकानेही पाहिली नव्हती, तरी दहा मिनिटं सगळा वर्ग झुकझुक करत होता.

मंगळवारी पाऊस कोसळला. मी बोटांनी गणित घातलं, मुलांनी उत्तरं वहीत लिहून वह्या वर धरल्या. सगळ्यांची बरोबर! मी आनंदाने हिरवी झेंडी वर केली. साठच्या साठ मुलं उठली, रांगेनं दाराबाहेर पडली आणि भिजत घरी गेली. मीच शिकवलं होतं ना, हिरवी म्हणजे निघ. रेल्वेवाल्याची पोर मी, माझ्या हाताला तिसरा अर्थ सुचलाच नाही. हेडमास्तर ओसरीतून सगळं बघत होते. काही बोलले असतील तर पावसात ऐकू आलं नाही.

मी काय हार मानते! बुधवारी सकाळी, आभाळ कोरडं असताना, नवे नियम लावले. हिरवी म्हणजे पुढचं गणित, बाकावरून उठायचं नाही. तांबडी म्हणजे चुकलं, परत कर. दोन झेंड्यांची फुली म्हणजे गुणिले, एक उभी एक आडवी म्हणजे अधिक, एकटी आडवी म्हणजे वजा. भागाकाराला झेंडी आडवी धरून मान वर-खाली करायची, म्हणजे चिन्हातली दोन टिंबं. त्या आठवड्यात मी इतके भागाकार घातले की मान अजून दुखते. बुधवारी निम्मा वर्ग गोंधळला, गुरुवारी चार-पाच जण.

शुक्रवारी पाऊस असा आला की त्याच्यापुढे इगतपुरीनेही छत्री मिटून घरी जावं. आणि त्यात समन्वयक दारात उभा! गुडघ्यापर्यंत लाल चिखल, इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटलेला, हातात माझं तिकीट. तोंड उघडत होतं, मिटत होतं. मी त्याला तांबडी दाखवली. थांबला बिचारा. दोन मुलींनी सरकून जागा दिली, वही-पेन्सिल दिली. मी झेंड्यांची फुली केली, बोटं दाखवली. त्यानेही लिहून वही वर धरली.

चूक!

मी पुन्हा तांबडी दाखवली. साठ पोरं हसली. आवाज नाहीच, नुसते दात दिसले. शेजारच्या मुलीने त्याच्या वहीत बोट ठेवून हातचा दाखवला.

अर्ध्या तासाने पाऊस ओसरला.

"काकू, मी मघाशी म्हणत होतो की..."

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"वर्ग चालू दिसला की नाही?"

त्याने हेडमास्तरांकडे पाहिलं. ते सळई घेऊन ओसरीत उभे होते, पण पाऊसभर त्यांनी ती हाणली नव्हती. आत आले, सळई माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "परीक्षेपर्यंत ही जाजाकडे राहू दे."

पुणेकराने तिकीट खिशात घातलं. म्हणाला, "घरी काय कळवू?"

"माझ्या दिरांना सांगा, एक पावसाळा झेपला. दुसरा लवकर पाठवा म्हणावं."

जीप चिखलातून धडपडत निघाली, तेव्हा मी ओसरीच्या टोकाला उभी राहून हिरवी झेंडी दाखवली. या वेळी अगदी वडिलांच्याच अर्थाने. मागे वळून पाहिलं, तर साठ पोरं माझ्याकडेच बघत होती. एकही जागचं हललं नव्हतं.