समुद्राला सोडलेला नारळ

लाटांवर खेळायला जमलेल्या लोकांच्या किनाऱ्यावर मी एकदा समुद्राला नारळ वाहून ‘शांत हो’ म्हणाले होते. इतका बावळटपणा एका सुनेत मावला कसा, देव जाणे.

काल लंडनजवळच्या पिनरमधल्या घरात नात सर्फबोर्डला मेण घासत होती. मेणाला खोबऱ्याचा वास होता, आणि मी मनाने थेट इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पोचले. लग्न नवं होतं. हॉस्पिटलमधून सुट्टी मिळताच आमचे डॉक्टर हवाई बेटावरच्या दोन वादकांच्या नादी लागले. दोघे संध्याकाळी हॉटेलात युकुलेली नावाची छोटी गिटार वाजवत आणि दिवसा सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून काठाला यायचं, शिकवत. त्यातला एक यांना घेऊन पार आत गेला. यांना पोहता येतं बेताचंच! लाटेमागे यांचं डोकं दिसेनासं झालं की मी टाचा उंच करून बघायचे. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. पिशवीतला नारळ मी हात जोडून पाण्यात सोडला.

आणि समुद्र खरंच निवला. काठावरच्या दुसऱ्या वादकाची युकुलेली थांबली. “मॅडम, आता लाटच नाही. त्यांना परत आणणार कोण?”

मी पुन्हा हात जोडले. मग त्याच समुद्राला एक तरी लाट पाठव म्हणून विनवू लागले.

शेवटी हे त्या वादकामागून फळीवर पालथे पडून हातांनी पाणी ओढत आले. ओठ निळे पडले होते. मी रडतरडत नारळाचं सांगितलं. हे कानाशी वाकून म्हणाले, “कुणाला सांगू नकोस, पण लाट येऊ नये म्हणून मीही तिकडे गणपतीला एकवीस मोदक बोललोय. करायचे तुलाच आहेत.”