तळहाताखाली झाकलेला कोड

सेक्टर पंधरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात दर रविवारी मला एक निवृत्त सरदारजी भेटायचे. त्यांना पायथन या संगणकभाषेतून अल्गोरिदम शिकवणारं पुस्तक हवं होतं. तळहाताने कोड झाकून ते फक्त स्पष्टीकरण वाचत. तेवढ्यावर समजलं नाही, की पुस्तक परत फळीवर. या वयात हे कशाला, असं मी एकदा न राहवून विचारलंच.

"बेटा कॅनडा में यही काम करता है जी. फोन पे उससे पूछने को कुछ तो हो."

त्यांना हवं तसं पुस्तक मला सापडलं, पण उशिराच. त्यांनी कोड झाकून पान वाचलं, समाधानाने मान डोलावली आणि पुस्तक हळूच माझ्याच हातात परत दिलं.

"बहुत बढिया है. पर वो कहता है, पापा, अब सब मशीन से पूछ लिया करो."