अक्कांचं ताट

अन्वी, मिहिर,

मागच्या सुट्टीत अन्वीनं विचारलं होतं, "आजी, स्वयंपाक आई करत होती, मग सगळ्यांच्या आधी तिलाच का जेवायला बसवलंस?" नंतर सांगते, असं मी म्हणाले होते. माझ्या वयात 'नंतर' फार लांबवू नये, म्हणून लिहिते आहे.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. सोयगावला त्या एकट्या राहत, शेती स्वतः बघत. माझ्या लग्नापासून त्यांना मी चारचौघांत जेवताना कधी पाहिलं नव्हतं. आग्रह केला की म्हणत, "तुमचं होऊ द्या. मी काय, पातेलं पुसूनबी जेवेन."

त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. केमोसाठी आम्ही त्यांना इथं घरी आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन आणखी घटलं तर पुढचा डोस देता येणार नाही. आहारतज्ज्ञ मुलीनं थोडं थोडं सहा वेळा खायला सांगितलं आणि जेवणासोबत घ्यायच्या कॅप्सूल दिल्या. त्यांच्याशिवाय अन्न पचणार नव्हतं, अंगी लागणार नव्हतं.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली. लगेच तक्ता आखून फ्रिजवर लावला. दुपारी एक वाजता कॅप्सूल आणि जेवण, रात्री आठला तसंच. अक्का तक्त्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तरीण, तुझा कागद लई शिकलेला हाय. पन त्याला भूक लागत नाय."

एक वाजता मी कॅप्सूल हातावर ठेवायची. त्या गिळायच्या. पोरींच्या वह्या तपासाव्यात तशी मी बरोबरची खूण करायची आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसायची. माझी पाठ स्वयंपाकघराकडे असे. हाताला काम हवं म्हणून अक्का खुर्चीवर बसून भाकरी भाजत. "गरम हाय तवर खा," असा आतून आवाज यायचा.

वजन उतरतच गेलं. गुलमंडीच्या बाजारातून आणलेली झंपरं दोनदा आत घ्यावी लागली. पोट फुगायचं, शौचाला तेलकट व्हायचं. मी तूप कमी केलं, मग शेंगदाण्याचं कूट बंद केलं. दीड महिन्यानं अक्कांना आणि तक्ता घेऊन आहारतज्ज्ञांकडे गेले. एकही खूण चुकलेली नव्हती.

त्या मुलीनं तक्ता बाजूला सारला आणि अक्कांनाच विचारलं, "मावशी, गोळी कधी घेता?"

"एकच्या ठोक्याला. ही उभीच असती डोक्यावर."

"आणि जेवता कधी?"

"समद्यांचं झाल्यावर. दोन वाजतात, कधी अडीच. रातीबी तसंच. बाईमानूस कधी जेवतं मग?"

कॅप्सूल पोटात जाऊन वाया जात होती आणि अन्न तासाभरानं पोचत होतं. "पहिला घास आणि गोळी एकत्र," ती मुलगी हळूच म्हणाली. "आणि तूप परत सुरू करा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं ताट आधी वाढलं. त्यांनी ते सरकवलं. "भाऊ उपाशी बसलाय अन् मी खाऊ व्हय?"

आजोबा म्हणाले, "अक्का, तू घास घेतल्याबिगर मी घेणार नाय." शहरात आयुष्य काढलेला माणूस त्या दिवशी सोयगावचं बोलला. अक्कांनी मान खाली घालून, चोरी केल्यासारखा, पहिला घास घेतला.

तीन आठवडे वजन टिकलं. पुढचा डोसही मिळाला. मग आजारानं गाठलंच. तो दीड महिना वाया गेला नसता तर काय झालं असतं, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. मी अजून तिथंच अडकले आहे.

शेवटी त्यांना पाणीही जाईना. एका दुपारी मला म्हणाल्या, "तू जेव. माझ्यासमोर जेव." मी ताट घेऊन कॉटपाशी बसले. दोन घास वरणभात खाल्ला. त्या बघत राहिल्या. "अजून घे गं वाईच," म्हणाल्या. "बघ, शेवटाला मीच राहिले." हसण्याचा प्रयत्न करताना त्यांना ठसका लागला.

चौथ्या दिवशी त्या गेल्या.

तक्ता मी फाडून टाकला. झंपरं देऊन टाकली. आपल्या घरात आता स्वयंपाक करणारीचं ताट पहिलं वाढलं जातं, आणि तिनं घास घेतल्याशिवाय कोणी जेवत नाही. एवढं अजून आहे.