सांगता येणारा आजार

"हाय ना खोकला. लिवा." सिस्टरनं विचारायच्या आत ती सांगून मोकळी व्हायची, आणि पदर तोंडाशी धरून खोकूनही दाखवायची.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही दर महिन्याला गोळ्या न्यायला जायचो. आजाराचं नाव आता इथं लिहिते, एचआयव्ही. तेव्हा दवाखान्यातल्या आमच्या बाकावरही ते कोणी घेत नसे. आमच्या आजारात टीबी लवकर धरतो, म्हणून गोळ्या देण्याआधी सिस्टर प्रत्येकीला विचारायची, खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम सुटतो का. आम्ही सगळ्या मान खाली घालून नाही नाही करायचो. ही घाटंजीकडच्या तांड्यावरची बाई, हिला मात्र चारही पाहिजेत. थुंकीची डबी हातात पडली की मागच्या कडुलिंबाखाली जाऊन अशी खाकरायची, की झाडावरची पाखरं उडायची. तपासणीत काही निघालं नाही की तिचं तोंड उतरायचं. मला वाटायचं, हिचं डोकं फिरलंय.

"अवं, टीबी निघाला तं घरी सांगता येते," एकदा ती मला म्हणाली. "ह्या बिमारीचं काय सांगू?"

आणि निघाला की हो तिला टीबी! पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले बाईनं. मग तिचा थाट बघा. सासू स्वतः एसटीत बसवून द्यायची, अंडी उकडून खाऊ घालायची. अंगणवाडीची ताई चारचौघांसमोर तिला टीबीच्या गोळ्या द्यायची. आणि त्या दुसऱ्या गोळ्याही त्याच पिशवीत, राजरोस खुंटीला टांगलेल्या.

माझ्या गोळ्या मी राळेगावात तुरीच्या डाळीच्या डब्यात दडवायची. नवरा गेला तेव्हा मातीला मोजकी माणसं आली, तीही लांब उभी राहिली. सांगितलं कोणालाच नव्हतं, तरी जावेनं माझं ताट वेगळं केलं होतं. मग जळू नको तर काय करू? मीही डबी मागून घेतली आणि घसा सोलवटेस्तोवर खोकले. थुंकी साफ निघाली. सिस्टर म्हणाली, नशीबवान आहात. असा राग आला मला तिचा!

पुढे उपचार संपले आणि त्या बाईचीही थुंकी साफ आली. सिस्टरनं हसून सांगितलं, आणि ही बाकावर येऊन रडायला लागली.

"आता मी घरी काय सांगू?"

मला काय वाटलं सांगू? गार वाटलं. ये म्हटलं बाई आता आमच्या पंगतीत.

छातीचा फोटो काढायचा आहे अशी थाप मारून ती एक-दोनदा आली. मग कापूस फुटला. भाव इतका पडला होता की मजूर लावणं कोणाला परवडत नव्हतं. बऱ्या झालेल्या रोगासाठी घरच्या बाईनं वेचणी बुडवून यवतमाळला कशाला जायचं, असं सासूला वाटलं. वाटणारच. तिला खरं कुठं माहीत होतं? बाकावरची तिची जागा रिकामी राहू लागली. शेवटी दवाखान्याचा माणूस तांड्यावर चौकशीला गेला, तर ती उन्हाळ्यातच गेली होती.

मी घाटंजीच्या बाजाराचं निमित्त करून तिच्या घरी गेले. कशाला गेले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. दवाखान्यातली ओळख म्हटल्यावर सासूनं बाज टाकली, पाणी दिलं. टीबी उलटला म्हणाली. सारा तांडा मातीला आला होता. शेवटच्या दिवशी सुनेचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. ऐकताना मी डोळ्यांना पदर लावला, पण ते सगळं दुःखच होतं असं नाही. मेल्यावरही ती माझ्यापेक्षा वरचढच.

मग म्हातारीनं मला निरखून पाहिलं.

"तुले बी टीबीच हाय का वं, बाई?"

"हो," मी म्हटलं.

"मंग दवाखाना सोडू नको. आमचीले म्याच जाऊ देल्लं नाही."

ती जवळ सरकली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. नवरा गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता. तिकडं बाजार उठायची वेळ झाली, तरी मी तिथून उठले नाही.