रॅम्प आणि स्लोप

नवा बंगला बांधताना दादा आईला फोनवर दर वेळी सांगायचा, "तुझ्या व्हीलचेअरसाठी रॅम्प करतोय हं." वास्तुशांतीला आम्ही पोचलो, तर पायऱ्यांशेजारी गुळगुळीत फरशीचा उभा चढ होता. मी खुर्ची ढकलली. ती अर्ध्यावरूनच मागे घसरली.

"दादा, हा तर स्कूटर चढवायचा स्लोप आहे."

"एकच ना ते?" तो हसत म्हणाला.

एकच कसं? स्लोप पाणी वाहून जावं म्हणूनही काढतात. रॅम्प मात्र कुणीतरी आत यावं म्हणून बांधतात.

दादा आईला उचलायला वाकला. तिने त्याचा हात हळूच बाजूला केला.

"राहू दे रे. घर बाहेरूनही छान दिसतं," ती म्हणाली आणि तिने मला खुर्ची वळवायला सांगितलं.